वळणावरचे ऐंशी मीटर

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला संभाव्यतेचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. ते तो रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना करत असतो. घरापासून फलाटापर्यंत बारा मिनिटं लागतात, हे त्याला ठाऊक असतं. पण बारा ही झाली सरासरी. एखाद्या दिवशी रिक्षा पटकन मिळते आणि तो नऊ मिनिटांत जिन्याखाली उभा असतो. एखाद्या दिवशी फडके रोडवर टेम्पो आडवा येतो आणि अठरा मिनिटं मोडतात. म्हणून रोजच्या लोकलसाठी तो पंधरा मिनिटं आधी निघतो. महिन्यातून चार-दोनदा गाडी चुकते, चालतं, मागून दुसरी येतेच. त्याच माणसाची मुलाखत असली तर मात्र तो चांगला अर्धा तास हाताशी ठेवतो. चुकण्याची किंमत जेवढी मोठी, तेवढा वेळ पदरी जास्त, हा हिशेब त्यानं कुठल्याही पुस्तकात वाचलेला नसतो.

हाताशी असलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ. पहिला आपण ठरवतो, दुसरा रोज बदलतो. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा निघाला, की गाडी चुकली. असं शंभर दिवसांत किती वेळा होईल, या प्रश्नाच्या उत्तराला अभियंते विश्वासार्हतेचं गणित म्हणतात. आज मला हेच गणित रस्त्याच्या वळणाला लावून दाखवायचं आहे. लोकल चुकली तर मस्टरवर लाल रेघ येते. वळणावर चुकलं तर काय होतं, हे ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी. ए.ची, तीही मराठी घेऊन. रस्त्याशी माझा संबंध प्रवाशाचा. कधी ठाण्याला, कधी मुंब्र्याला बहिणीकडे, कधी भिवंडीला कविसंमेलनाला. हा विषय आमच्या घरात आणला माझ्या भाच्यानं. तो स्थापत्य अभियंता आहे. एकदा बहिणीकडे जेवण झाल्यावर त्यानं मला विचारलं, “मामू, रस्त्यात अचानक म्हैस दिसली तर ब्रेकवर पाय ठेवायला तुम्हाला किती वेळ लागेल?” मी म्हटलं, लगेच. तो हसला. म्हणाला, “लगेच म्हणजे किती सेकंद?”

आपल्याकडे या ‘लगेच’ला एक अधिकृत आकडा आहे, अडीच सेकंद. तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत आहे. ही संस्था १९३४ साली स्थापन झाली आणि तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. देशातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशींतून पुढे रस्ते निधी आला आणि ही संस्थाही आली. आज आपल्या रस्त्यांच्या रुंदीपासून वळणाच्या त्रिज्येपर्यंत बहुतेक आकडे हिच्याच कोष्टकांतून येतात.

तर अडीच सेकंद. ताशी साठ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर कापते. म्हणजे चालकाला काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात बेचाळीस मीटर संपले. गाडीचा वेग अजून उतरायलाच लागलेला नाही. ब्रेक दाबल्यावर टायर आणि डांबर यांच्या घर्षणानं गाडी थांबायला आणखी एकोणचाळीस-चाळीस मीटर लागतात. बेरीज एक्याऐंशीच्या आसपास, कोष्टकात ऐंशी. ताशी साठच्या रस्त्यावर चालकाला कुठेही, चढावर असो की वळणावर, पुढचे निदान ऐंशी मीटर दिसले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. याला थांबण्याचं दृष्टिअंतर म्हणतात.

इथवर सगळं सरळ आहे. पण कवीला शब्दाची शंका येते तशी मला त्या अडीच सेकंदांची आली. कुणाचे अडीच सेकंद? वीस वर्षांच्या पोराचे, की दिवसपाळी संपवून रात्रपाळीला बसलेल्या चालकाचे? अमेरिकेच्या मार्गदर्शक ग्रंथातही हाच आकडा आहे आणि तिथे त्याचं कारणही दिलेलं आहे : अभ्यासात तपासलेल्या चालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण एवढ्या वेळात प्रतिसाद देतात. ब्रेकच्या जोराचा आकडाही तिथे असाच निवडलेला आहे, नव्वद टक्के चालकांना जमेल एवढा. म्हणजे कोष्टकात जो चालक बसवलेला आहे तो मंद आहे, त्याचा ब्रेकही सौम्य आहे, आणि ही दोन्ही लक्षणं एकाच वेळी एकाच माणसात आहेत. असा माणूस विरळा. मग ऐंशी मीटर जरुरीपेक्षा जास्त झाले का? ते रस्त्यावर अवलंबून आहे. जिथे लोक साठच्या रस्त्यावर पन्नासनं जातात तिथे जास्त, आणि जिथे सत्तरनं सुटतात तिथे कमी. कोष्टकाला दोन्ही रस्ते सारखेच ‘पास’.

गंमत अशी, की त्याच रस्त्यावर पूल आला की अभियंत्यांची भाषा बदलते. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ साली सुरू झाला, ते आपण सगळ्यांनी त्या कोंडीत उभं राहून पाहिलंय. आजकालच्या पुलाच्या काँक्रीटची ताकद सांगताना अभियंता एक ठाम आकडा सांगतो, पण त्या आकड्याची व्याख्याच अशी आहे : तपासलेल्या नमुन्यांपैकी शंभरात पाचाहून अधिक नमुने याच्या खाली जाऊ नयेत. काँक्रीट कधी कमी-जास्त निघतं, वाहनांचा भार कधी कमी-जास्त होतो, हे तिथे आधीच मान्य केलेलं आहे आणि दोहोंमध्ये किती अंतर ठेवायचं ते त्यावरून ठरतं. मात्र पूल उतरून वळणाला लागलात की ही भाषा गायब. तिथे एक त्रिज्या, एक वेग, अडीच सेकंद, आणि निकाल एकच, पास किंवा नापास. माणसाचं मन काँक्रीटपेक्षा एकसारखं असतं, असं यातून मानल्यासारखं होतं!

ही विसंगती कॅनडातल्या फ्रान्सिस नेव्हिन या प्राध्यापकाच्या लक्षात आली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या या गृहस्थांनी १९९० साली एक निबंध लिहून विचारलं, की पुलाला जसा सुरक्षिततेचा गुणक असतो, तसा रस्त्याच्या आखणीला काढता येईल का? त्यांची कल्पना डोंबिवलीकराला चटकन कळेल. रस्ता जेवढं अंतर दाखवतो तो झाला पुरवठा. चालकाला थांबायला जेवढं लागतं ती झाली मागणी. मागणी दर गाडीगणिक वेगळी. मागणीची सरासरी काढा, तिचा पसारा काढा, आणि पुरवठा कितव्यांदा अपुरा पडेल ते सांगा.

भाच्यानं मला हे एका वळणावर करून दाखवलं. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका जागेचे मोजलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. समजा, एकशे तीस मीटर त्रिज्येचं वळण आहे. ताशी साठच्या रस्त्याला साधारण एवढी त्रिज्या लागते. अशा वळणावर पुढचे ऐंशी मीटर दिसायचे असतील, तर आतल्या लेनच्या मध्यापासून सहा मीटरपर्यंत आतली बाजू मोकळी हवी. झाड नको, फलक नको, भिंत नको. आता आपल्याकडे अशी सहा मीटर मोकळी जागा कुणी मोकळी ठेवतं का? तिथे एक टपरी येते. समजा, ती चार मीटरवर आली. लगेच दिसणारं अंतर ऐंशीवरून चौसष्ट मीटरवर येतं. दोन मीटर सरकलेली टपरी सोळा मीटर रस्ता गिळते.

गाड्यांचा सरासरी वेग ताशी पंचावन्न धरा, बहुतेक गाड्या चाळीस ते सत्तरच्या दरम्यान. प्रतिसादाला सरासरी दीड सेकंद, कुणाला पाऊण तर कुणाला सव्वादोन. कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबला की दर सेकंदाला वेग सरासरी पंधरा किलोमीटरनं उतरतो, पावसात अकरानं. एवढ्या भांडवलावर कागद-पेन्सिलीनं उत्तर येतं. कोरडा रस्ता, टपरी नाही : शंभरात दीड-दोन गाड्यांना दिसणारं अंतर अपुरं. कोरडा रस्ता, टपरी आहे : शंभरात सोळा. पाऊस, टपरी नाही : शंभरात चौदा. पाऊस आणि टपरीही : शंभरात पंचेचाळीस.

पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस अपघात नव्हेत, हे इथेच स्पष्ट करायला हवं. वळणापलीकडे नेमकं त्याच क्षणी कुणी उभं असेल तरच त्या चालकाचं कमी पडलेलं अंतर कुणाला तरी भोवेल. बाकी वेळा तो शीळ घालत निघून जातो आणि आपण पंचेचाळिसांत होतो हे त्याला कधीच कळत नाही. शिवाय पावसात लोक आपणहून थोडे सावकाश जातात, तेही इथे धरलेलं नाही. पण एक गोष्ट पाहा. पाऊस आल्यानं दीडाचे चौदा झाले. टपरी आल्यानं दीडाचे सोळा झाले. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र बेरीज तीस होत नाही, थेट पंचेचाळीस होतात. कोष्टकाला ही वाढ दिसत नाही. त्याच्या लेखी टपरीवालं वळण जानेवारीत नापास आणि जुलैतही तेवढंच नापास.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या ओळखीचे एक पंक्चरवाले चाचा आले. त्यांची टपरी अशीच एका वळणाच्या आतल्या अंगाला. हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याची घमेली आणि वर निळं प्लॅस्टिक. वर्षातून एकदा तरी गाडी येते, टपरी उचलली जाते, आठ दिवसांनी ती पुन्हा उभी राहते. मी भाच्याला म्हटलं, म्हणजे तुझं गणित चाचांच्या मुळावर आलं म्हणायचं. तो म्हणाला, “मामू, गणित पूर्ण तर होऊ द्या.”

मग त्यानं एकच आकडा बदलला. टपरी आहे तिथेच, पाऊस आहे तसाच. फक्त सरासरी वेग पंचावन्नवरून पंचेचाळीसवर आणला आणि गाड्यागाड्यांमधला फरक थोडा कमी केला. पंचेचाळिसाचे पाच झाले. शंभरात पाच! टपरी हटवून वेग तसाच ठेवला तर पावसात चौदा, टपरी ठेवून वेग दहानं उतरवला तर पाच. दोन्ही केलं तर हजारात एक. कारण या सगळ्या पसाऱ्यात, कोरड्या रस्त्याच्या हिशेबात, सत्तर टक्के वाटा एकट्या वेगाच्या चढउताराचा निघतो. चालक किती चपळ, ब्रेक किती चांगला, हे सगळं मिळून उरलेले तीस.

मी टपरीची वकिली करत नाही. वळणाच्या पोटात दुकान असू नये आणि चाचांना शंभर पावलं पुढे सरळ रस्त्यावर हक्काची जागा मिळाली तर ते स्वतःच कॉम्प्रेसर ढकलत नेतील. पण जेसीबी आणून टपरी पाडली की छायाचित्र छापून येतं आणि काम झालं असं वाटतं. वेग उतरवायला मात्र वळणाआधी योग्य अंतरावर रम्बलर हवेत, रात्री दिसणारे बाणांचे फलक हवेत, झिजलेलं डांबर खरखरीत करायला हवं. त्याचं छायाचित्र चांगलं येत नाही.

आता मुंब्रा बायपासकडे वळू. पारसिकच्या डोंगराच्या कुशीतून जाणारा हा रस्ता म्हणजे जेएनपीटी बंदर आणि भिवंडीची गोदामं यांच्यामधली नाळ. २०१८ साली दुरुस्तीसाठी तो मे ते सप्टेंबर बंद होता, तेव्हा ठाणे, ऐरोली, कल्याण, सगळीकडचा श्वास कोंडला होता. या रस्त्यावर ‘कंटेनर उलटला’ ही बातमी इतक्यांदा येते, की वाचणारा पान उलटतो. इथे मागणी-पुरवठ्याचा दुसरा प्रकार आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते, उरलेलं काम टायरचं घर्षण करतं. घर्षणाचा कोष्टकातला आकडा मुद्दाम कमी धरलेला आहे, त्यामुळे वेग थोडा जास्त झाला तरी कार सहसा निभावते. फारच वेग झाला तर ती घसरते. भरलेल्या कंटेनरचं तसं नाही. त्याचा गुरुत्वमध्य उंच. तो घसरण्याआधी कलंडतो, आणि कलंडायच्या आधी स्टिअरिंगवर त्याची फारशी सूचना मिळत नाही. आत माल खाली भरलाय की वरपर्यंत रचलाय, घट्ट बांधलाय की हलतोय, हे चालकालाही नेहमी ठाऊक नसतं; पेटीला सील असतं. म्हणजे एकाच वळणावर, एकाच वेगाला, कारची मागणी एक आणि कंटेनरची दुसरी, आणि दुसरीचा पसारा कितीतरी मोठा. जिथे दर दुसरी-तिसरी गाडी अवजड आहे, तिथे सरासरी कारसाठी काढलेलं उत्तर कुणाच्या उपयोगाचं?

आणखी एक गोष्ट मला त्या संहितेत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दृष्टिअंतर मोजताना चालकाचा डोळा जमिनीपासून एक मीटर वीस सेंटीमीटरवर आणि रस्त्यातली वस्तू पंधरा सेंटीमीटर उंच धरतात. पंधरा सेंटीमीटर उंच, म्हणजे एखादा दगड, पडलेलं खोकं. खड्ड्याला उंची नसते. पावसात तो काठोकाठ भरला की रस्ता आणि खड्डा एकाच आरशाचे होतात. ऐंशी मीटर स्वच्छ दिसत असले तरी दुचाकीवाल्याला तो आठ-दहा मीटरवर आल्यावर कळतो, कधी चाक आत गेल्यावर. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी माणसं गेली, त्या बातम्या आपण वाचल्या. त्यांच्या बाबतीत पुरवठा दहा मीटरचा होता आणि मागणी तीस-चाळीसची. असं गणित रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगाला बसत नाही, त्यावर खड्डा बुजवणं एवढाच उपाय.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला, सगळी वळणं कोष्टकाप्रमाणे मोठी करा की. करता आली असती तर कुणी नको म्हटलं असतं? पण ठाण्याहून घोडबंदरला निघालात की गायमुखला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मुंब्र्याला वर डोंगर, खाली वस्ती. कल्याण-शीळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारती रस्त्याला खेटून उभ्या. आमच्याकडे प्रश्न ‘कोष्टक पाळलं का’ एवढ्यावर संपत नाही, कारण अनेक ठिकाणी ते पाळता येतच नाही. खरा प्रश्न असा, की कुठे थोडं कमी पडलंय आणि कुठे जीवघेणं कमी पडलंय.

नेव्हिन यांच्याच विद्यापीठात तारेक सय्यद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या प्रश्नावर बरंच काम केलं. त्यांच्या डोळ्यांसमोर व्हँकुव्हरहून व्हिसलरला जाणारा ‘सी टू स्काय’ महामार्ग होता. तिथेही एका बाजूला समुद्राचा फाटा, दुसऱ्या बाजूला कडा, आपल्या गायमुखचा थोरला भाऊ म्हणा. रुंदी वाढवता येत नाही हे मान्य करून त्यांनी विचारलं, की आहे ती रुंदी वेगळ्या तऱ्हेनं वाटली तर? डावं वळण आणि उजवं वळण यांत चालकाची नजर वेगवेगळ्या ठिकाणी अडते. एकात कड्याशी, दुसऱ्यात मधल्या दुभाजकाच्या भिंतीशी. म्हणून प्रत्येक वळणावर लेन, साइडपट्टी आणि दुभाजकालगतची पट्टी यांची रुंदी थोडी इकडची तिकडे केली, तर तेवढ्याच जागेत अंतर अपुरं पडण्याची शक्यता कमी करता येते, असं त्यांनी दाखवलं. जागा एक इंच वाढवायची नाही, पट्टे मात्र वेगळ्या जागी आखायचे.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तिथले चालक लेन धरून जातात. आपल्याकडे एकाच लेनमध्ये टीएमटीची बस, तिच्या कुशीत रिक्षा, आणि दोघांच्या फटीतून दुचाकी. प्रतिसादाचे सेकंद, वेगाचा पसारा, ब्रेकचा जोर, सगळं आपल्याच रस्त्यावर मोजावं लागेल. परदेशी आकडे घालून काढलेलं उत्तर नुसतं टापटीप दिसेल. पण मोजायला फार काही लागत नाही, असं भाचा म्हणतो. एक वेग मोजायची बंदूक, एक टेप, दोन विद्यार्थी. एका वळणावर दोन कोरडे दिवस आणि दोन पावसाचे, त्यांत एक रात्र धरलेली. ठाणे-कल्याण परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयं थोडी नाहीत आणि दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलंही थोडी नाहीत.

मग कोष्टकातल्या ऐंशीच्या शेजारी आणखी दोन रकाने आखता येतील : या वळणावर कोरड्यात शंभरात किती, पावसात शंभरात किती. गायमुखपासून शीळफाट्यापर्यंतची वळणं दुसऱ्या रकान्याच्या क्रमानं लावली, तर पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत पहिलं नाव कुठल्या वळणाचं, हे मे महिन्यातच लिहिता येईल.